चौलच्या बावीस नथा

२३ ऑक्टोबर १९२६, चौल

नथ पोचली, मोती पोचले नाहीत. गिरगावातून आज पत्र आले. पुडके उघडले तेव्हा सोन्याची तार दबून वेडीवाकडी झालेली होती आणि सातांपैकी चारच मोती हाती लागले. नथ नेणारा गृहस्थ ओळखीचा, सज्जन. त्याने ती कोटाच्या खिशात ठेवली आणि रेवसच्या लाँचीत गर्दीत कोणीतरी त्याच्यावर रेलले. यात चोरी नाही, लबाडी नाही, आणि तरी नुकसान व्हायचे ते झालेच.

केसरला पत्र वाचून दाखवले. ती बागेसरीतले, म्हणजे आमच्या सोनारी शेगडीतले, निखारे सारखे करत होती. म्हणाली, "माझी तार मऊ राहिली असेल."

माझी बहीण असाच विचार करते. चूक कोणाचीही असो, ती आधी स्वतःच्या चिमट्याकडे पाहते. बाबांच्या हाताखाली ती आठव्या वर्षापासून बसली. मी पुस्तकांत बसलो. सोनाराच्या घरात मुलगा व्याख्याता झाला आणि मुलगी कारागीर, ही गोष्ट मी व्यासपीठावरून अनेकदा अभिमानाने सांगितली आहे.

आज मात्र अभिमानापेक्षा घोर अधिक आहे. दसऱ्याला तिचे दीर हरेश्वरशेट श्रीवर्धनहून आले होते. चार माणसांदेखत ते म्हणाले, "वहिनी, नलूला अकरावं सरत आलं. माघ संपेपर्यंत तुम्ही स्वतःच्या पायावर उभ्या असाल तर पोरीला खुशाल घेऊन जा, मी आड येणार नाही. नसाल, तर वैशाखात मी तिचं लग्न उरकतो." केसर तीन वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा मुलगी तिकडेच ठेवून घेतली होती. म्हणजे आता हाती माघाच्या अमावास्येपर्यंतचा काळ आहे. नथा चांगल्या होतात. त्या शाबूत पोचवायच्या कशा, एवढाच प्रश्न आहे.

३१ ऑक्टोबर

हिरामण तांडेलाच्या मचव्यातून दोन नथा पाठवून पाहिल्या. हिरामण म्हणजे शब्दाचा पक्का माणूस. त्याने पुडके स्वतःच्या उशाशी ठेवले. पण उशाशीच खारे पाणी आले. रेशीम कुजले, मोत्यांवर धुरकट थर आला. तो स्वतः परत घेऊन आला आणि अंगणात उभाच राहिला.

"मास्तर, वादळ असतं तर वादळाचं नाव सांगितलं असतं. साधं पानी व्हतं. मचव्यात पानी येतंच."

केसरने त्याला गूळपाणी दिले. मोती तिने राखेने हळू पुसले. दोन वाचले.

९ नोव्हेंबर

भाऊबीजेसाठी नलू चार दिवस आली होती. घर वेगळेच झाले. त्यातच आमचा शोध लागला, आणि त्याचे श्रेय त्या मुलीचे.

वाडीत पोफळीच्या झावळ्या गळून पडतात. त्यांचे रुंद बूड, ज्याला आपण विरी म्हणतो, त्यावर मुले एकमेकांना बसवून ओढतात. नलू विरीवर बसून अंगणभर घसरत होती. केसर बघत होती, बघता बघता उठली आणि एक ओली विरी घेऊन पेटीसारखी दुमडून दगडाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ती वाळून टणक झाली, लाकडासारखी, आणि वजनाला पिसासारखी हलकी. आत शेवरीचा कापूस, त्यात नथ. नथेचा फासा एका लहान बुचाला टोचलेला, म्हणजे ती हलत नाही. बाहेरून मेणकापड, त्यावर खादीचे शिवलेले कापड, शिवणीवर लाख.

मी ती विहिरीच्या कठड्यावरून खाली टाकली. घागरीत दिवसभर बुडवली. मग नलूला तिच्यावर उड्या मारायला सांगितले. मोती जागच्या जागी!

नलू म्हणाली, "आई, मला पण यात शिवून ठेव. काका न्यायला आले की सांग, ती टपालात गेली."

केसर हसली आणि दोरा दाताने तोडायला पलीकडे वळली. बराच वेळ तो दोरा तुटत नव्हता.

१५ नोव्हेंबर

रेवदंड्याच्या टपालकचेरीत गेलो. सहा वर्षांपूर्वी मी सरकारी शाळेची नोकरी लाथाडली. गावोगाव सांगितले की सरकारची शाळा नको, कोर्ट नको, पदवी नको. आणि आज त्याच सरकारच्या खिडकीशी ओळीत उभा राहिलो. विम्याचे व्ही.पी. पार्सल, दर शिवणीवर सारख्या अंतराने स्वतःच्या खुणेची लाख, वजन लाखेसकट. नियम वाचले. राग आला तरी कबूल करतो, नियम चांगले आहेत. पैसे भरल्याशिवाय कोणी पुडके उघडू शकत नाही, आणि पुडके हरवले तर जबाबदार सरकार.

बाहेर हिरामण सुकट विकून परत चालला होता. "मास्तर! परवा देवळाम्होरं सरकारचं काय बी घेव नका म्हनून वरडलाव, न् आज राजाचे तिकटीला थुक लावताव?"

"थुंकतोच आहे ना," मी म्हणालो. तो इतका हसला की टोपली डोक्यावरून घसरली.

विनोद सोडा. एका मुलीसाठी एक तत्त्व वाकवले. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच मला फसवता येणार नाही.

२४ नोव्हेंबर

आज मला संताप आला आणि तो मी लपवला नाही.

दुपारी हिरामणची बायको बायजा आली. केसरने प्रत्येक तयार नथ तिच्या हातात दिली. बायजाने ती नाकाशी धरली, कपाळाचे कुंकू बोटाने किंचित त्यावर लावले, आणि मग केसरने ती कापसात ठेवली. मी विचारले तर केसर कापूस पिंजत राहिली. बायजाच म्हणाली, "सवाष्णीचा हात लावून देतो. नवरीचे अंगावर जानार हाय ना ती."

म्हणजे हे पहिल्या नथेपासून चालले होते! विधवेच्या हाताचा विटाळ सवाष्णीच्या बोटाने पुसायचा! मी जगभरचे इतिहास वाचले, माणसाने माणसाला कसे हीन ठरवले त्याची पानेच्या पाने तोंडपाठ केली, आणि ते सगळे माझ्याच ओसरीवर बसले होते. मी बोललो. सुमारे अर्धा तास बोललो असेन. बायजा मध्येच उठून गेली.

केसर शेवटी एवढेच म्हणाली, "कुणाचं काही जात नाही रे दादा त्यात."

"तुझं जातं," मी म्हणालो. बायजाने उद्यापासून यायचे नाही असे मीच ठरवून टाकले.

२ डिसेंबर

वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आहे. मी लिहिले, 'श्रीमती केसरबाई यांच्या हातच्या चौलच्या नथा.' केसरने कागद पाहिला आणि म्हणाली, "तुझं नाव घाल."

"घडवतेस तू."

"घडवणारी मी आहे हे मला ठाऊक आहे. बाबांच्या नथांवर कुठे होतं नाव? दिनानाथमास्तर, चौल. पुरे."

शतकांच्या गुलामीने स्त्री स्वतःचे नावदेखील दुसऱ्याच्या अंगरख्यात लपवते. मी पुष्कळ समजावले. पण जाहिरातीची मुदत संध्याकाळची होती. माझे नाव घातले. हा माझा पराभव आहे, आणि मी तो फार दिवस राहू देणार नाही.

२६ डिसेंबर

जाहिरात फळली. माघ-फाल्गुनातल्या लग्नांसाठी मागण्या येत आहेत. मुंबई, पुणे, एक थेट नाशिक. पाठवलेल्या पाचही नथा सुखरूप पोचल्या. पुण्याच्या एका बाईने लिहिले, मोती असे बसले आहेत की जणू तिथेच उगवले. केसरने ते पत्र दोनदा वाचून घेतले. मग परसात गेली आणि कोपऱ्यातली खोली झाडू लागली. नलू कुठे निजेल, पाटी कुठे ठेवेल, खिडकीला गज हवे का, हे मला विचारत होती. मी तिला इतके बोलताना तीन वर्षांत ऐकले नव्हते.

३ जानेवारी १९२७, मुंबई

उद्या व्याख्यान. विषय 'स्त्री आणि स्वावलंबन'. निघताना केसरने दशम्यांचे गाठोडे दिले आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "दादा, तिथे माझं काही काढू नकोस."

तिचा विनय मला ठाऊक आहे.

४ जानेवारी

काय सभा! दिवाणखाना भरून जिन्यावर माणसे उभी. मी शेवटाला आलो, खिशातून नथ काढली, दिव्यासमोर धरली आणि विचारले, "सज्जनहो, ही सुंदर आहे की नाही?" आहे, आहे, असा गजर झाला. "मग ऐका. ही घडवणारे हात माझ्या विधवा बहिणीचे आहेत, केसरचे! तिच्या हातच्या नथेला सवाष्णीच्या बोटाचे कुंकू लावून ती शुद्ध करून पाठवण्याची प्रथा माझ्या घरात होती. ती मी मोडली. आज तुमच्या मुलींच्या नाकात जी नथ जाईल ती विधवेच्या हातची, निर्भेळ, आणि म्हणून अधिक पवित्र!"

टाळ्या थांबेनात. अध्यक्ष उठून मला मिठी मारते झाले. मोठे सुधारक गृहस्थ. आपल्या मुलीसाठी एक नथ त्यांनी तिथल्या तिथे सांगितली. त्यांचे डोळे ओले होते. माझेही.

९ जानेवारी, चौल

वर्तमानपत्राने भाषण जवळजवळ अक्षरशः छापले आहे. घरी आलो तो अंक केसरसमोर ठेवला. तिने वाचला. एक बोट ओळीखाली धरून, सावकाश.

"नाव पण छापलंय," ती म्हणाली.

"नाव तर पाहिजेच!"

तिने चिमटा खाली ठेवला आणि पदराने हात पुसत राहिली, जरी हाताला काही लागले नव्हते. आनंद अनावर झाला की माणसाला शब्द सुचत नाहीत, हे मी श्रोत्यांत पाहिले आहे.

२० जानेवारी

बावीस नथा गेल्या. अध्यक्षांची धरून. केसर पंधरा दिवस जवळजवळ उठलीच नाही बागेसरीपुढून. मी विरीच्या पेट्या शिवल्या, लाख लावली. पोस्टमास्तर प्रत्येक शिक्का भिंगातून पाहून म्हणाले, "मास्तर, असं शिवलेलं पार्सल मी नोकरीत पाहिलं नाही. समुद्रात पडलं तर तरंगत जाईल."

२ फेब्रुवारी

एक पुडके परत आले. पत्ता चुकीचा घेतला असणार. मी टपालखात्याच्या सुपरिंटेंडेंटला दीड पानाची तक्रार लिहिली. सरकारी नोकर निष्काळजी असतात हे मी पहिल्यापासून म्हणत आलो.

केसरने पुडके हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवले.

८ फेब्रुवारी

आज सात आली. कचेरीत मी पोस्टमास्तरांवर आवाज चढवला. ते वयस्क, शांत गृहस्थ. त्यांनी मला कठड्याच्या आत बोलावले, बाकावर बसवले आणि पुडक्यावरचा शेरा बोट ठेवून दाखवला.

"मास्तर, पत्ते बरोबर आहेत. हे बघा. 'घेण्यास नकार.' हे पण. हे पण. पोस्टमन दारात गेलाय, नाव सांगितलंय, आणि त्यांनी घेतलेलं नाही."

"उघडून न पाहताच?"

"लाख बघा ना. एकाचीही लाख तडकलेली नाही."

खरेच होते. एकही पुडके दबलेले नाही, भिजलेले नाही, एक शिक्का फुटलेला नाही. ती सात पुडकी मी धोतराच्या सोग्यात घेऊन चालत आलो. टांगा केला नाही. का, ते सांगता येत नाही.

१३ फेब्रुवारी

पुण्याच्या त्या बाईंचे पत्र. आधी एक नथ घेतली होती, दुसरी धाकट्या मुलीसाठी मागवली होती. लिहितात: 'आपल्या भगिनींच्या कलेविषयी मनात आदरच आहे. परंतु मुलीची पहिली नथ. व्याही काय म्हणतील, आणि उद्या काही कमीजास्त झाले तर माझे मन मलाच खाईल. कृपा करून त्यांना हे पत्र दाखवू नये.'

मी दाखवले नाही. संध्याकाळी ते तिच्या उशाखाली सापडले. माझ्या कागदांतून काढून तिने ते वाचले असावे.

१५ फेब्रुवारी

अध्यक्षांचे पुडकेही परत आले. त्यावरही तोच शेरा.

१८ फेब्रुवारी

सगळी बावीस घरात आहेत. मागच्या खोलीच्या फळीवर ओळीने. नलूसाठी झाडलेली खोली ती.

आज मी तिला म्हणालो, "हे लोक ढोंगी आहेत. टाळ्या वाजवल्या त्यांनी! मी पुन्हा मुंबईला जातो. नावानिशी एकेकाला उघडे पाडतो."

केसर तांदूळ निवडत होती. "दादा, तुला टाळ्या वाजवणारे पुरुष दिसले. मला त्यांच्या बायका दिसत होत्या, घरी, पोरींची वेणी घालत बसलेल्या."

"म्हणजे तूही मानतेस हे?"

"मानते, नाही मानत, ते तुमच्या सभेत. निखाऱ्याजवळ हात गेला की आपसूक मागे येतो ना, तसं आहे ते. बायजाचं बोट लागलं की माझा जीव निर्धास्त व्हायचा. त्या पोरीचं काही वाईट झालं तर ते माझ्यावर नको, एवढंच. मी पण कुणाची तरी आई आहे रे." मग सूप हलवून, "कुणाला कळत नव्हतं, दादा. चाललं होतं."

मला उत्तर होते. पुष्कळ उत्तरे होती. समता, सत्य, अंधारात मिळवलेल्या भाकरीपेक्षा उजेडातली उपासमार. तिच्यासमोर तांदळाचे सूप होते आणि ती खडे वेगळे करत होती. मी एकही बोललो नाही.

माझे म्हणणे खोटे होते का? नव्हते. आजही नाही. पण ते सिद्ध करायला मी काय वापरले, हे आज दिवसभर डोळ्यांपुढून हलत नाही.

२१ फेब्रुवारी

बायजाकडे गेलो. क्षमा मागितली. तिला म्हटले, पुन्हा ये, हवे ते कर. ती जाळे शिवत होती. वर न पाहता म्हणाली, "आता काय, मास्तर. आता तर छापलाव."

२५ फेब्रुवारी

हरेश्वरशेट आले. माघ संपायला आठवडा आहे. मी त्यांच्याशी भांडायला तयार होतो. ते भांडायला आले नव्हते. ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि कोटातून तो वर्तमानपत्राचा अंक काढला. घड्यांवर कागद फाटला होता. बऱ्याच हातांतून गेला असावा.

"मास्तर, आमच्या घरची सून छापलीत. आम्हाला पण वाचता येतं हो." मग केसरकडे वळून, "वहिनी, मी तुमचं वाईट चिंतलं नाही. मी शब्द पाळला असता. नलूला स्थळ आलंय, चांगलं आहे. पण ते विचारतात, हीच का ती नथवाल्या विधवेची मुलगी? मी काय सांगू?"

मी उसळलो. अकरा वर्षांची मुलगी, कसले स्थळ! केसरने हात केला. मला गप्प करायला तिने हात केला, असे आयुष्यात पहिल्यांदा झाले.

"भावजी, मी तिकडे येऊन राहिले तर?"

ते बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. "या. तुमचंच घर आहे. पण आमच्याकडे आईंनी जसं केलं, आत्याबाईंनी जसं केलं, तशा राहाल तर. लोकांची तोंडं मग बंद होतील. आणि हा सोन्याचा धंदा नको."

तशा म्हणजे कशा, हे घरात प्रत्येकाला कळले. केसांविषयी कोणी एक शब्द उच्चारला नाही.

"सासरी जाईपर्यंत नलू माझ्याजवळ राहील?"

"राहील."

"मग येते," केसर म्हणाली.

२८ फेब्रुवारी

मी तीन दिवस बोलतो आहे. मी तिला सांगितले की हे मरण आहे, की मी ज्या चालीविरुद्ध वीस गावांत बोललो तिच्यापुढे ती आपण होऊन मान वाकवते आहे. सांगितले की आपण मजुरी करू, मी पुन्हा सरकारी शाळेत जातो, तुझ्यासाठी जातो. ती ऐकून घेते. काल म्हणाली, "शाळेत जा तू. तुला बरं पडेल. पण माघ संपत आला."

आज तिने बावीस पुडकी उघडली. शिवण एकेक करून उसवली, दोरा गुंडाळून ठेवला. नथा मोडून सोने नि मोती वेगळे केले. ज्या सराफाचे होते त्याला मी उद्या नेऊन देणार. कापूस उशीत भरला. मी म्हणालो, एक तरी ठेव. ती म्हणाली, "कुणासाठी?"

६ मार्च

ती गेली. आगबोटीने जा म्हटले, तर हिरामणच्या मचव्यातूनच जाते म्हणाली, ओळखीची माणसे असतात. रेवदंड्याच्या बंदरावर बायजा आली होती. बायजाने तिच्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि मागे वळली.

हिरामणने शीड चढवले. मी पाण्यात गुडघ्यापर्यंत उभा. हजार माणसांपुढे आवाज पोचवणारा मी, मला दहा हातांवरच्या बहिणीला काही सांगायचे सुचले नाही. तिनेच सांगितले, "दादा, बागेसरीत पाणी ओतलंय का बघ. मी ओतलं असेन, पण बघ."

घरी येऊन पाहिले. ओतले होते.

२ एप्रिल

पुण्याहून व्याख्यानाचे निमंत्रण आहे. उत्तर दिलेले नाही.

२१ एप्रिल

नलूचे पत्र आले. तिच्या हातचे पहिलेच. तसेच उतरवून ठेवतो.

'ती. मामास साष्टांग नमस्कार. आई इथे आली आहे. ती आली तेव्हा मला खूप आनंद झाला. मग पाच दिवसांनी न्हावी आला. संध्याकाळी मी ओटीवर खेळत होते तर आई आतून आली आणि मी ओळखले नाही. मी घाबरून काकूच्या मागे लपले. आई परत आत गेली. आता मी थोडीशीच घाबरते. माझे लग्न वैशाख वद्य पंचमीला आहे. काका म्हणतात मामांना बोलावू नये. आई म्हणते मामांना सांग माझे बरे आहे. लग्नात आईला मागच्या पडवीत बसायचे आहे. मला नथ काकूची घालणार. ती मोठी आहे, टोचते. तुझी नलू.'

दिवसभर उत्तर लिहीत होतो. दोन कागद भरले. न्हाव्याविषयी, रूढीविषयी, तिने मोठी होऊन काय करावे याविषयी. संध्याकाळी ते मोठ्याने वाचून पाहिले. प्रत्येक वाक्य कुठे थांबायचे, कुठे चढायचे, सगळे नीट बसले होते. दोन्ही कागद चुलीत घातले.

मग एक कार्ड घेतले. त्यावर लिहिले: 'चि. नलूस आशीर्वाद. ती तुझी आईच आहे. जवळ जा आणि तिच्या डोक्यावर हात ठेव. काही होत नाही. मामा.'

एवढेच. बाकीचे कार्ड कोरे राहिले. उद्या सकाळी रेवदंड्याला जाऊन टाकतो.